घरातला डाय-कारखाना
डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर, चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत, दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा घरोघरी चालत आला आहे. पोलादी ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, ठोकळ्याला पाणी देऊन तो कडक करायचा. मग त्यावर पत्रा दाबला की तीच नक्षी पुन्हा पुन्हा उठते. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांवर बंधने आली. म्हणून हे काम घरात राहिले, असे कोणी म्हणेल. पण बंधन कारखाना अडवते, कोरायला शिकवत नाही. शिवाय आधीच मंजुरी मिळालेले ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र त्यानंतरही उभे राहिलेच. डाय घरात टिकला तो स्वतःच्या गुणांवर: जागा थोडी, माल लहान, मोल हाताच्या बारकाईला आणि मुंबईचा सराफ बाजार लोकलच्या पल्ल्यात. संगणकावर चालणारी यंत्रे हे कसब गिळतील, ही शंका रास्त आहे. मात्र कुठली रेघ किती खोल गेली की पत्रा फाटतो, ही जाण यंत्र चालवणाऱ्यालाही लागतेच. तेव्हा याच किनाऱ्यावर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या, ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराचा हिशेब मांडताना मासेमारी आणि बागायतीच्या जोडीला या घरगुती उद्योगाचाही रकाना हवा.