उकिरड्याचा इतिहास

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. आज मी आपल्याला उकिरड्याचा इतिहास सांगणार आहे. हसू नका! आपल्या मोसम खोऱ्यातल्या जमिनीला ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पोसले, त्याला इतिहास नाही असे कसे म्हणावे?

जुन्या घरात कचरा वेगळा करा असे कुणी सांगत नसे. तो आपोआप वेगळा राही. शिळेपाके गुरांपुढे, चुलीची राख भांडी घासायला, चिंध्यांची गोधडी, फुटके पितळ मोडीत. उरलेले शेण आणि झाडलोट तेवढी उकिरड्यावर; पावसाळ्यापूर्वी ते खत गाडीने वावरात जाई.

पण या व्यवस्थेची काळी बाजूही मास्तरांनी मुलांपासून लपवू नये. गावची घाण उचलण्याचे काम आपण जन्मावरून काही जातींच्या माथी मारले होते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. ज्याची घाण त्यानेच काढावी, हा त्यांच्या खराट्याचा धडा. राज्याने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले.

उकिरड्याला शास्त्राची जोड मिळाली ती होळकरांच्या इंदुरात. तेथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचले, ढीग वेळोवेळी परतला, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी पोचली.

मग बिघडले कोठे? प्लॅस्टिक आले, आणि सगळे एकाच बादलीत पडू लागले. पिशवी कुजत नाही. खताबरोबर ती वावरात जाते, नाहीतर पहिल्या पुरात मोसमेतून मालेगावकडे. एकदा मिसळलेले पुन्हा निवडायचे कुणी? कचऱ्याच्या ढिगावर बसून कुणीतरी गरीब बाईच ते हातांनी निवडते. म्हणजे जुनाच अन्याय नव्या वेषात आला, नाही का?

म्हणून २०१६ च्या नियमांनी कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक, असे तीन भाग घरातच करायला सांगितले. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आले ते पुन्हा इंदूरच. घरोघरी वेगळा कचरा घेणे हे त्या यशाचे मोठे कारण. तिसऱ्या भागात जुनी औषधे, विजेऱ्या, फुटके बल्ब येतात. ते खताच्या खड्ड्यापासून दूरच ठेवावेत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या आवारात एक खड्डा खणा. एका बाजूला पाला आणि भाजीची देठे, दुसऱ्या बाजूला एक प्लॅस्टिकची पिशवी पुरा. माती ओलसर ठेवा आणि तीन महिन्यांनी मुलांकडूनच उकरून पाहा. पाल्याची माती होऊ लागलेली असेल, पिशवी जशीच्या तशी निघेल. मग मुले घरी जाऊन दुसरी बादली मागतील. ती त्यांना द्या.