शंकरराव चव्हाण यांची राजकीय कारकीर्द आणि मराठवाड्याचा पाणीप्रश्न

प्रस्तावना :
हैदराबाद मुक्तिसंग्रामातून मराठवाड्यात नेतृत्वाची जी पिढी घडली, तिच्यात डॉ. शंकरराव चव्हाण (१९२०-२००४) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी भूषविलेल्या पदांची चर्चा नेहमी होते. परंतु त्या पदांमागील धोरणात्मक सूत्राचा विचार तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात पाणीवाटप या सूत्राच्या आधारे त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे.

विवेचन :
पैठण येथे जन्मलेल्या चव्हाणांनी नांदेड ही आपली कर्मभूमी मानली. नांदेड नगरपालिकेच्या अध्यक्षपदापासून त्यांची वाटचाल सुरू झाली. १९५७ मध्ये ते विधानसभेत गेले. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर त्यांच्याकडे पाटबंधारे खाते आले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये चव्हाण मुख्यमंत्री असताना इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेच्या या धरणासाठी अनेक गावांना विस्थापन सोसावे लागले, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीतील पराभवानंतर त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढे पुलोद मंत्रिमंडळात ते सहभागी झाले व नंतर केंद्रात गेले. १९८६ ते १९८८ या दुसऱ्या कार्यकाळात त्यांनी आठमाही पाणीवाटपाचा पुरस्कार केला. बारमाही उसाऐवजी अधिक शेतकऱ्यांना पाणी मिळावे, हा त्यामागील विचार होता. साहजिकच ऊस बागायतदारांच्या हितसंबंधांना तो मानवला नाही. त्यानंतर ते केंद्रीय अर्थमंत्री व १९९१ ते १९९६ या काळात गृहमंत्री होते. गृहमंत्री असतानाच ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्या वेळच्या केंद्राच्या निष्क्रियतेवर झालेल्या टीकेतून त्यांची कारकीर्द वगळता येत नाही.

समारोप :
धरण बांधणे आणि त्याचे पाणी न्याय्य रीतीने वाटणे ही दोन भिन्न राजकीय कार्ये आहेत. पहिल्यात चव्हाणांना यश लाभले, दुसरे अपूर्ण राहिले. ऊस पिकविणाऱ्या लातूर भागात मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या घटनेने आठमाही धोरणामागील प्रश्न पुन्हा समोर आणला. म्हणून चव्हाणांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन पदांच्या यादीपेक्षा या अपूर्ण कार्याच्या संदर्भात होणे अधिक उचित ठरेल.