कुत्र्याचं पोट आणि ज्वारीची भाकरी

जळगावात हल्ली पेट शॉपमध्ये गेलं की 'ग्रेन फ्री' असं मोठ्या अक्षरात छापलेली पाकिटं दिसतात. म्हणजे धान्य नसलेली. काहींवर लांडग्याचं चित्र असतं. त्यामागचं म्हणणं साधं आहे: तुमचा कुत्रा मुळात लांडगा आहे, लांडगा काही ज्वारी पेरत नाही, तेव्हा धान्य खाऊन त्याचं पोट बिघडणारच. बाजूच्याच फळीवर दुसरी, स्वस्त पाकिटं असतात. त्यांच्या मागे बारीक अक्षरात पहिलं नाव मक्याचं किंवा तांदळाचं.

आमचा शेरू गावठी, चार वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात महिनाभर त्याचं पोट धड नव्हतं. डॉक्टरांनी शी तपासली, जंताचं औषध दिलं, गोचीडतापासाठी रक्त बघितलं. काही सापडलं नाही. मग म्हणाले, खाणं बदलून बघा. झालं, घरात दोन पक्ष पडले. भाऊ लांडग्याच्या पाकिटाच्या बाजूने. साक्री तालुक्यातली मावशी फोनवरून भाकरीच्या बाजूने: "त्याले भाकर दे, ताक दे. आमना कुत्रा काय पाकिटं खातस का?" दोघांचाही युक्तिवाद मुळात इतिहासाचा होता. एकाचा इतिहास लांडग्यापर्यंत जात होता, दुसरीचा तिच्या वडिलांच्या खळ्यापर्यंत. मला इतिहासाचा नाद आहे, म्हणून मी दोन्ही बाजूंचं वाचत बसलो.

लांडग्यापासून सुरू करू. जानेवारी 2013 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांनी कुत्रे आणि लांडगे यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. स्वादुपिंडात अमायलेज नावाचा रस तयार होतो, तो स्टार्च फोडतो. तो बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. म्हणजे माणसाच्या दारात राहता राहता या प्राण्याचं पोटच बदललं. पुढे 2016 मध्ये युरोपातल्या जुन्या हाडांवर काम झालं आणि किमान 7000 वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांत या प्रती वाढलेल्या दिसल्या. त्याच सुमाराच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी गंमत निघाली. जिथे शेती जुनी, तिथल्या कुत्र्यांत प्रती जास्त. जिथे माणसं शिकारीवर किंवा मासळीवर जगली, तिथल्या कुत्र्यांत, म्हणजे हस्की किंवा ऑस्ट्रेलियातला डिंगो यांच्यात, कमी.

यात आपण कुठे बसतो? तापीकाठी सावळदा नावाचं गाव आहे, पूर्वीच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात. तिथे सापडलेल्या खापरांवरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'सावळदा' हे नाव मिळालं. याच संस्कृतीची माणसं दक्षिणेला प्रवरेकाठी दायमाबादलाही राहत होती, तिथला सगळ्यात खालचा थर त्यांचा. जव, मसूर अशी पिकं घेणारी ही माणसं होती. 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना दायमाबादला झाडाचं मूळ खोदताना जी प्रसिद्ध तांब्याची शिल्पं सापडली, ती या पहिल्या थराची नव्हेत, नंतरची आहेत. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी ती चार. रथाचा फोटो तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिला असेल. पुढच्या वेळी नीट बघा. रथ हाकणारा माणूस आणि बैलजोडी यांच्या मधल्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. बैल आहेत म्हणजे शेती आहे, आणि शेती आहे तिथे हा गाडीवर चढून बसलेला आहे. पाकिटावर याचं चित्र टाकलं तर लांडग्यापेक्षा जास्त खरं ठरेल.

म्हणजे मावशी जिंकली? थांबा.

पाकिटाचाही एक इतिहास आहे. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ विजेपासून बचाव करणाऱ्या सळया विकायला लंडनला गेला होता. गोदीत खलाशांची कडक बिस्किटं कुत्रे चघळताना त्याने पाहिले आणि त्यावरून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. 1860 च्या सुमारास त्याने गहू, भाज्या आणि मांस यांचं कुत्र्यांसाठीचं बिस्कीट बाजारात आणलं. पुढे अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर डबाबंद घोड्याचं मांस आलं. दुसऱ्या महायुद्धात पत्रा युद्धाकडे वळला, डबे बंद झाले आणि कोरड्या खाण्याचे दिवस आले. 1957 मध्ये प्युरिना कंपनीने नाश्त्याचं सिरियल बनवायच्या यंत्रातून कुत्र्याचं खाणं काढलं. पीठ दाबाखाली शिजवून भोकातून बाहेर ढकलायचं, की ते फुगतं. आज आपण ज्या गोळ्या वाटीत ओततो त्या याच. यात एक कामाची गोष्ट आहे. कुत्र्याला कच्चा स्टार्च नीट पचत नाही, शिजवलेला चांगला पचतो. तव्यावरची भाकरी आणि यंत्रातली गोळी पोटाच्या दृष्टीने एकाच कारणासाठी चालतात.

आणि धान्याची भीती कुठून आली? तिच्या वाढीमागे 2007 चा एक प्रसंग आहे. चीनमधून अमेरिकेत आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलॅमिनची भेसळ निघाली, मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्रे-मांजरं दगावली, दुकानांतून माल परत मागवला गेला. दोष भेसळीचा होता, पण बदनाम गहू झाला. त्यानंतरच्या दशकात 'ग्रेन फ्री'ची लाट आली. पण गोळी बांधायला काहीतरी पिठूळ लागतंच, म्हणून धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा आले. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की अशा खाण्यावरच्या काही कुत्र्यांत हृदय सैल पडण्याचा आजार दिसतोय आणि आम्ही तपास करतोय. ठोस कार्यकारणसंबंध अजून सिद्ध झालेला नाही. तरी डाळमिलांच्या जळगावात बसून मला हे वाचताना हसू आलं. लांडग्याचं चित्र लावून आपल्यालाच मसूर विकायची!

आता भाकरीकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत इथे आहे.

पेलाग्रा नावाचा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा म्हणून युरोप-अमेरिकेत ओळखला जायचा. उन्हात कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, शेवटी भ्रम होतो. कुत्र्यांना असाच एक रोग होतो, त्यात जीभ काळी पडते, तोंडात व्रण येतात, जुलाब होतात. त्याला 'ब्लॅक टंग' म्हणतात. माणसाच्या पेलाग्राचं उत्तर कुत्र्याच्या या आजारातून मिळालं. 1937 मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्व्हजेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन, देऊन काळ्या जिभेचे कुत्रे बरे केले आणि मग तेच औषध माणसांना दिलं गेलं.

पुढचा भाग आपल्या दख्खनचा आहे. हैदराबादमध्ये डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेलाग्राचे असे रुग्ण दिसत होते, ज्यांनी मका खाल्लेलाच नव्हता. त्यांचं पोट ज्वारीवर होतं. गरीब, मजूर माणसं. 1965 मध्ये भवानी बेलवाडी आणि गोपालन यांचं एक टिपण 'लॅन्सेट'मध्ये आलं: ज्वारीवर आधारलेला आहार देऊन कुत्र्यांमध्ये ब्लॅक टंग निर्माण झाला. त्यांचं अनुमान असं, की ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाच्या जास्तीमुळे शरीरात नायसिनचा हिशोब बिघडतो. या ल्युसीनच्या सिद्धांतावर नंतर बरेच वाद झाले. पण एवढं नक्की, की ज्वारीबरोबर दूध, डाळ, मांस, अंडं पोटात गेलं तर हा रोग लागत नाही. भाकरी वाईट नाही. नुसती भाकरी वाईट.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, मग आमचे कुत्रे कसे जगले? प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर तिनेच पुढच्या अर्ध्या तासात दिलं. वडिलांच्या खळ्यावरचा कुत्रा सकाळी भाकरी खायचा हे खरं. पण तो दिवसभर मोकळा असायचा. उंदीर, घुशी पकडायचा. गावाबाहेर ढोर मेलं की तिथे असायचा. उकिरडा आणि हागणदारी ही त्याची रोजची फेरी. (जेवताना वाचत असाल तर माफ करा, पण कुत्र्याच्या आहाराचा इतिहास हे वगळून लिहिता येत नाही.) ठेलारी धनगर रानात मेंढ्या बसवायचे तेव्हा त्यांच्या कुत्र्यांना भाकरी दुधात कुस्करून मिळायची, शिवाय एखादी मेंढी मेली तर तिचं मांस. म्हणजे 'भाकरीवर वाढलेला कुत्रा' हे आपल्या आठवणीतलं अर्धंच चित्र आहे. भाकरी आपण आपल्या हाताने द्यायचो म्हणून ती लक्षात राहिली. बाकीचं तो न विचारता मिळवायचा.

शेरू दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि दोन वेळा पट्ट्याला बांधून खाली जातो. त्याच्या आहारातला तो न विचारता मिळवलेला अर्धा भाग आपण बंद केला, आणि उरलेल्या अर्ध्याला परंपरा म्हणून चिकटून राहिलो, तर त्याचं ताट हैदराबादच्या प्रयोगातल्या ताटाच्या जवळ जातं. दुसरीकडे नव्वदच्या दशकापासून जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं संपत गेली आणि मेलेली ढोरं मोकाट कुत्र्यांच्या वाट्याला जास्त आली. एकाच गावात एका कुत्र्याचं मांस वाढलं, एकाचं संपलं.

भाकरीबद्दल हळवं होण्यापूर्वी आणखी एक गोष्ट बघायला हवी. कुत्र्याला भाकरी मिळायची ती उरलेली. उरलेलं कुणाचं, हा आपल्याकडे फार जुना प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने कुत्रे, पतित, चांडाळ, रोगी, कावळे आणि किडे यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावं असं सांगितलं आहे. भूतदया म्हणून हे कौतुकाने सांगितलं जातं. पण ती यादी परत वाचा, कुत्र्याशेजारी कोण बसवलं आहे ते बघा. गावगाड्यात महारांना कामाच्या बदल्यात दारोदार भाकरी मागावी लागायची, तीही बहुधा शिळी. मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला, म्हणजे हे काही पुराणातलं नाही. आणि घरातली बाई? ती सगळ्यांचं झाल्यावर बसायची. कुत्र्याचा तुकडा बऱ्याचदा तिच्याच ताटातून जायचा. मावशी हे हसत सांगते, "दोन्हीस्ले एकच टोपलं." ज्या घरात टोपल्यात उरायचं नाही, तिथे कुत्रा बांधलेला नसायचाच.

आता शेरूचं. त्याला आम्ही कळण्याची भाकरी सुरू केली, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, मीठ अगदी नावाला. ती चुरून पाण्यात भिजवायची, सोबत उकडलेलं कोंबडीचं मांस हाडं काढून, किंवा अंडं. कधी थोडं ताक. नुसत्या घरच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पूड. एका वेळी मात्र साधं, धान्य असलेलंच पाकीट, कारण रोज दोनदा रांधायला कुणाला वेळ नाही. जुनं खाणं कमी आणि नवं जास्त असं करत बदलाला दहा दिवस लावले. घाईने बदललं की चांगल्या खाण्यानेही पोट सुटतं. दोन आठवड्यांनी शी बांधून यायला लागली. भावाचं म्हणणं पाकिटामुळे, मावशीचं म्हणणं कळण्यामुळे. तुमच्याकडे पिल्लू असेल आणि जुलाबात रक्त दिसलं, तर मात्र या चर्चेत न पडता त्याच दिवशी दवाखाना गाठा. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो अजून आहे, आणि तो खाणं बदलून जात नाही.

पोटाला काय चालतं आणि मनाला काय द्यावंसं वाटतं यांचं भांडण जुनंच आहे. कुत्र्याला तूप पचत नाही अशी म्हण हिंदी मुलखातून आपल्याकडे आली आहे. आपल्याकडे नामदेवांची गोष्ट सांगतात, कुत्र्याने भाकरी पळवली तर ते कोरडी कशी खाशील म्हणत तुपाची वाटी घेऊन मागे धावले. एकदम पोटात गेलेल्या तुपाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे आजचा डॉक्टर सांगेल. मला दोन्ही माहीत आहे आणि गोष्ट तरीही आवडते.

चंपाषष्ठीला मावशीकडे खंडोबाचा नैवेद्य असतो: बाजरीचा रोडगा, ठोंबरा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, लसूण. चातुर्मासात वर्ज्य केलेला कांदा आणि वांगं त्या दिवशी परत ताटात येतात. कुत्रा हा खंडोबाचा, म्हणून त्याचाही वाटा काढतात. आता कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चा असो की शिजलेला, हे मी तिला मागेच सांगितलं होतं. ती काही बोलली नव्हती. गेल्या चंपाषष्ठीला मी तिथे होतो. तिने देवापुढचं ताट नेहमीसारखं भरलं, तळी उचलून झाली, मग चुलीमागून एक झाकलेली ताटली काढली. तिच्यात रोडगा आणि ठोंबरा होता, भरीत कालवण्याआधीच बाजूला ठेवलेला. ती घेऊन ती दाराशी गेली आणि गल्लीतल्या कुत्र्यांना हाक मारली.