वाळलेल्या लाकडाचा मध्य

अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या घरांतून भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी काठवट अजून आढळते. अशी एखादी कातलेली काठवट सुतळीने मोजली, तर ती पुष्कळदा नेमकी वाटोळी भरत नाही. किंचित लांबट भरते. यात कारागिराचा दोष नसतो. लाकूड वाळताना शिरांच्या लांबीत जवळजवळ आटत नाही. आडवे मात्र आटते, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हे. गाभ्यापासून सालीकडे जितके आटते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्षवलयांच्या वळणाने आटते. म्हणून ओलेपणी साधलेले वर्तुळ वाळल्यावर लंबगोल होते. लाकडाच्या या स्वभावाशी कातारी कसकसा जुळवून घेत आला, हा त्याच्या धंद्याच्या इतिहासाचा मोठाच भाग होय.

कातारी लाकूड ज्या यंत्रावर फिरवितो, त्यास सांगाडा म्हणतात. त्याचे एक अतिप्राचीन चित्र ईजिप्त देशात पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या समाधीत आहे. त्याचा काळ इ. स. पूर्वी ३०० च्या सुमाराचा. एक मनुष्य दोरी ओढून लाकूड फिरवीत आहे व दुसरा ते कातीत आहे. आपल्याकडेही दोरीचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दोन टोकांमध्ये नग धरावयाचा, त्यास दोरीचा वेढा द्यावयाचा. नग उलटसुलट फिरे, तेव्हा एका फेऱ्यात हत्यार चाले व दुसऱ्यात मागे घ्यावे लागे.

युरोपातील जुने कातारी ओला वाडगा एका दमात पुरा करीत, आणि मग तो वाकेल तसा वाकू देत. ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले व १९८२ साली वर काढण्यात आले. त्यातून खलाशांचे कातलेले लाकडी वाडगे निघाले. इंग्लंडातील त्या परंपरेचा अखेरचा कातारी म्हणून ओळखला जाणारा जॉर्ज लेली १९५८ साली वारला.

विजेचा सांगाडा व नग पकडणारे जबडे आल्यावर दुसरी रीत रूढ झाली. ओला वाडगा प्रथम जाडसर कातावयाचा. दहा इंची वाडग्यास सुमारे एक इंच जाडी राखावयाची. मग कापल्या शिरांस मेण लावून तो महिनोन्‌महिने सावलीत ठेवावयाचा. वजन घटेनासे झाले, म्हणजे लाकूड वाळले.

परंतु खरी परीक्षा यापुढेच. जबड्यात धरावयाची बैठकही आता लांबट झालेली असते. ती तशीच आवळली, तर नग डुगडुगतो, प्रसंगी उडतो. म्हणून जाणता कातारी पहिल्या कातणीचा मध्यबिंदू बुडाशी राखून ठेवतो. वाडग्याच्या पोटात लाकडी ठोकळा टेकवून, त्या बिंदूवर दुसरे टोक आणून, तो नग दोहोंमध्ये धरतो. बैठक पुन्हा वाटोळी करतो, आणि मगच ती जबड्यात देतो. नव्या यंत्रावरही आरंभ होतो तो जुन्याच दोन टोकांनी. जाडी कमी राखली असेल, तर मात्र वर्तुळ साधण्यापूर्वीच भिंत संपते.

नगरकडे हा धीर अधिकच हवा. जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यातील कोरडा वारा ओल्या बाभळीस वरून झपाट्याने सुकवितो. आत ओल राहते, आणि चीर पडते. चिरलेला ओंडका चुलीत जातो. तेच लाकूड सावलीत सहा महिने थांबले, तर त्याच झाडाची काठवट नातसुनेच्या हाती येते.