मुक्तस्रोत अध्ययन व्यवस्थापन प्रणालीचा पथदर्शी प्रयोग

मुक्तस्रोत अध्ययन व्यवस्थापन प्रणालीचा पथदर्शी प्रयोग म्हणजे अशी प्रणाली विद्यापीठभर लागू करण्यापूर्वी मोजके विषय, शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुरती ठरावीक मुदतीसाठी वापरून पाहणे होय. अध्ययन व्यवस्थापन प्रणालीत विषयांची नोंदणी, अभ्याससाहित्य, स्वाध्याय, चाचण्या, चर्चा व गुणांची नोंद एकाच ठिकाणी ठेवता येते. तिचा स्रोतसंकेत पाहण्यास, वापरण्यास व बदलण्यास खुला असेल, तर तिला मुक्तस्रोत म्हणतात. मूडल, साकाय, इलियास, ओपन एडएक्स आणि कॅनव्हास ही अशा प्रणालींची प्रमुख उदाहरणे आहेत. भारतात आयआयटी कानपूरने 'बृहस्पती' ही मुक्तस्रोत प्रणाली विकसित केली.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात वेबसीटी या व्यापारी प्रणालीचे काम पाहणारे मार्टिन डुगियामास यांनी मूडलची निर्मिती केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये मिशिगन, इंडियाना, एमआयटी व स्टॅनफर्ड या अमेरिकी विद्यापीठांनी एकत्र येऊन साकाय प्रकल्प सुरू केला.

२००६ मध्ये ब्लॅकबोर्ड कंपनीने वेबसीटी विकत घेतली. त्याच वर्षी तिला अमेरिकेत या क्षेत्रातील एक पेटंट मिळाले आणि त्याच्या आधारे तिने डिझायर टू लर्न या प्रतिस्पर्धी कंपनीवर दावा दाखल केला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटमधील वादग्रस्त हक्क अवैध ठरवले. एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहण्यातील धोका या घडामोडींमुळे विद्यापीठांच्या लक्षात आला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने मूडल स्वीकारण्याचा निर्णय २००५ मध्येच जाहीर केला होता.

परवाना आणि खर्च

मूडल जीपीएल परवान्याखाली उपलब्ध असून तिच्या वापरासाठी परवानाशुल्क नाही. बदललेली आवृत्ती इतरांना वितरित करणाऱ्याने तिचा स्रोतसंकेतही द्यावा लागतो. ओपन एडएक्स आणि कॅनव्हास यांना लागू असलेला एजीपीएल परवाना अधिक कडक आहे. त्यानुसार बदललेली प्रणाली इंटरनेटवरून वापरणाऱ्यांनाही तिचा स्रोतसंकेत उपलब्ध करून द्यावा लागतो.

परवानाशुल्क नसले, तरी प्रणाली चालवण्याचा खर्च असतोच. सर्व्हर, बॅकअप, सुरक्षाविषयक सुधारणा, आवृत्तीबदल, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांच्या अडचणींचे निवारण यांसाठी कायमस्वरूपी मनुष्यबळ लागते. बहुतेक पथदर्शी प्रयोग एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या किंवा संगणक विभागाच्या पुढाकाराने सुरू होतात. ती व्यक्ती अन्यत्र गेली की सर्व्हरचा पासवर्ड, केलेले बदल आणि जुळवणीची माहिती तिच्याबरोबरच जाण्याचा धोका असतो. त्यामुळे आज्ञावली चालते का, या प्रश्नाइतकेच ती पुढची काही वर्षे कोण सांभाळणार, हेही प्रयोगातून तपासावे लागते.

महाराष्ट्रातील वापर

राज्यात मुक्तस्रोत प्रणालींच्या वापराचे सर्वांत परिचित उदाहरण आयआयटी मुंबईचे आहे. संस्थेच्या नियमित अभ्यासक्रमांसाठी मूडल वापरले जाते. मोठ्या संख्येने विद्यार्थी असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी संस्थेने २०१४ मध्ये ओपन एडएक्सवर आधारित 'आयआयटीबॉम्बेएक्स' हे व्यासपीठ उभारले. त्याला केंद्र सरकारच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून साहाय्य मिळाले. ओपन एडएक्सचा स्रोतसंकेत त्याच्या आदल्या वर्षीच, जून २०१३ मध्ये, खुला झाला होता.

मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे राज्यातील महाविद्यालये बंद झाली. एरवी वर्षभर चालणारी पूर्वतयारी अनेक संस्थांना काही आठवड्यांत करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षाही मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन घेण्यात आल्या. प्रयोगशाळेतील संगणक गृहीत धरून आखलेली व्यवस्था आणि घरी एकच मोबाइल असलेला विद्यार्थी यांच्यातील अंतर या काळात उघड झाले.

संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ : सोलापूरचे उदाहरण

निवासी संस्थेत शिकवणे, परीक्षा आणि नोंदणी एकाच छताखाली असते. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठात अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाकडे, तर पदवीचे बहुतांश अध्यापन महाविद्यालयांकडे असते. १ ऑगस्ट २००४ रोजी शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झालेले आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ या रचनेचे उदाहरण आहे. त्याचे कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरते असले, तरी त्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे ११ तालुके येतात. विद्यापीठाचा परिसर शहराबाहेर पुणे महामार्गावर केगाव येथे आहे.

अशा ठिकाणी एकाच विभागात केलेला प्रयोग संपूर्ण विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करत नाही. नवी पेठेसारख्या शहराच्या मध्यवर्ती भागातील विद्यार्थी आणि सांगोला किंवा माळशिरस तालुक्यातील गावातून येणारा विद्यार्थी यांना मिळणारी इंटरनेट जोडणी, वीजपुरवठा व प्रवासाचा वेळ सारखा नसतो. म्हणून परिसरातील एक विभाग, शहरातील एक महाविद्यालय आणि ग्रामीण भागातील एक महाविद्यालय अशी निवड अधिक उपयुक्त ठरते. मूडलच्या मोबाइल ॲपवर साहित्य आधी उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता येते. ही सोय प्रत्यक्ष किती उपयोगी पडते, हे ग्रामीण महाविद्यालयातच कळते.

नोंदणीचा प्रश्नही येथे वेगळा असतो. विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक विद्यापीठ देते, मात्र विषयबदल, तुकडी व हजेरी यांची माहिती महाविद्यालयाकडे असते. या दोन याद्या जुळल्या नाहीत, तर विद्यार्थी चुकीच्या वर्गात दिसतो किंवा त्याला प्रवेशच मिळत नाही.

मराठी साहित्याची अडचण

मूडलचे भाषांतर स्वयंसेवक करतात आणि तिचा मराठी भाषासंचही उपलब्ध आहे. तथापि मुख्य अडचण बहुधा पटलावरील शब्दांची नसून साहित्याची असते. अनेक प्राध्यापकांची टिपणे श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असतात. असा मजकूर प्रणालीत चिकटवल्यास देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. पानांची छायाचित्रे चढवली, तर मजकुरात शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या पडदावाचकालाही तो वाचता येत नाही. मराठी माध्यमाच्या विषयांत युनिकोड रूपांतर व मुद्रितशोधन यांचा वेळ प्रयोगाच्या वेळापत्रकात धरावा लागतो.

प्रयोगाची रचना व मूल्यमापन

प्रयोगाचा किमान कालावधी साधारणतः एक पूर्ण सत्र धरला जातो. त्यामुळे प्रवेश, अध्यापन, अंतर्गत मूल्यमापन आणि गुणनोंद हे चारही टप्पे तपासून होतात. पुढील बाबींची तपासणी विशेष महत्त्वाची मानली जाते :

• ताण : साहित्य वाचणारे विद्यार्थी दिवसभरात विखुरलेले असतात, पण चाचणी सर्वजण एकाच क्षणी सुरू करतात. सर्व्हरची क्षमता चाचणीच्या वेळेनुसार ठरवावी लागते.
• बॅकअप : प्रत घेतली जाते एवढे पुरेसे नसते. त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करून पाहावी लागते.
• स्थलांतर : विषय, प्रश्नसंच व गुण दुसऱ्या प्रणालीत नेता येतील अशा स्वरूपात बाहेर काढता येतात का, हे पाहिले जाते.
• माहितीचे संरक्षण : विद्यार्थ्यांचे गुण व वापराच्या नोंदी कोणाला दिसतात आणि किती काळ ठेवल्या जातात, हे निश्चित करावे लागते. भारतात यासंबंधी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आहे.
• प्रत्यक्ष वापर : लॉगिनची संख्या फसवी ठरू शकते. स्वाध्याय तपासून अभिप्रायासह परत मिळाले का, ही अधिक विश्वसनीय कसोटी आहे.

मर्यादा

पथदर्शी गटात स्वेच्छेने आलेले शिक्षक सहसा तंत्रज्ञानाला सरावलेले असतात. त्यामुळे त्यांचा अनुभव सर्व शिक्षकांना लागू होत नाही. थोड्या विद्यार्थ्यांसाठी पुरेसे ठरणारे वैयक्तिक साहाय्य हजारो विद्यार्थ्यांना देता येत नाही. अनेक ठिकाणी चर्चा व स्वाध्याय मागे पडून प्रणाली ही टिपणे साठवण्याचे कोठार बनते. अशा वेळी अपयश आज्ञावलीचे की शिक्षकाच्या कार्यभारात या कामाला वेळ न दिल्याचे, हे वेगळे करणे कठीण जाते.

प्रयोग थांबवण्याचे निकष आधी ठरवलेले नसतील, तर तो औपचारिक निर्णयाविना वर्षानुवर्षे चालू राहतो. त्या काळात विद्यार्थ्यांचे स्वाध्याय व गुण अशा सर्व्हरवर साठत जातात, ज्याची जबाबदारी कोणत्याही विभागाकडे नसते. म्हणून प्रयोगाच्या आराखड्यातच निर्णयाची तारीख, निर्णय घेणारे प्राधिकरण आणि प्रयोग बंद झाल्यास साठलेल्या माहितीचे काय करायचे, याची नोंद केली जाते.