डॉर्सेटमधील छोटें लोकराज्य

इंग्लंडच्या दक्षिणेस, डॉर्सेट परगण्यांतील खडूच्या टेंकड्यांच्या पायथ्याशीं, फ्लॉवर्स फार्म नांवाचें शेत आहे. १९१३ सालीं लंडनच्या न्यायालयांतून आलेलीं कांहीं मुलें व मुली येथें राहावयास आलीं. कोणी चोरी केलेलीं, कोणी घरांतून पळालेलीं, कोणी आईबापांस आवरेनाशीं झालेलीं. वयें बहुतेकांचीं चौदा ते अठराच्या दरम्यान. शेताभोंवतीं भिंत नव्हती, दारास कुलूप नव्हतें, आणि निघून जाणारास अडविण्यासाठीं पहारेकरीहि नव्हता. या वसाहतीचें नांव ‘लिट्ल कॉमनवेल्थ’, म्हणजे छोटें लोकराज्य. ती अवघीं पांच वर्षें चालली. पण बिघडलेल्या मुलांस दंडाऐवजीं उपचारानें मार्गावर आणूं पाहणाऱ्या ज्या निवासी शाळा पुढें निघाल्या, त्यांतील कित्येकींची वंशावळ या शेतापर्यंत जाऊन पोहोंचते. आणि अशा शाळांचा सर्वांत कठीण प्रश्नहि याच शेतावर उभा राहिला.

त्यापूर्वीं अशा मुलांची व्यवस्था काय होती? १८५४ च्या कायद्यान्वयें इंग्लंडांत सुधारगृहें निघालीं होतीं. त्यांचा हेतु वाईट नव्हता. मुलांस मोठ्या कैद्यांपासून वेगळें ठेवणें ही त्या काळीं दयेचीच गोष्ट होती. परंतु आंतील दिनक्रम कवायत, मौन, कष्ट व छडी यांवर चाले. १९०८ च्या कायद्यांनीं मुलांसाठीं निराळीं न्यायालयें नेमलीं आणि सोळा ते एकवीस वर्षांच्या गुन्हेगारांसाठीं बोर्स्टलची योजना कायम केली. शिस्त बाहेरून घातली म्हणजे ती हळूहळू आंत मुरते, हा समज मात्र तसाच राहिला.

या समजाविषयीं ज्यांस शंका वाटूं लागली त्यांत जॉर्ज मॉन्टेग्यू हे एक होते. हे पुढें सँडविचचे नववे अर्ल झाले. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील फ्रीव्हिल येथें विल्यम जॉर्ज यांनीं १८९५ मध्यें मुलांचें एक ‘प्रजासत्ताक’ स्थापिलें होतें. तसें कांहीं इंग्लंडांत व्हावें म्हणून मॉन्टेग्यू व त्यांच्या मित्रांनीं खटपट केली, आणि सल्ल्यासाठीं होमर लेन या अमेरिकन गृहस्थास बोलाविलें. सल्ला देण्यास आलेला लेन वसाहतीचा चालक होऊन राहिला.

लेनचा जन्म १८७५ चा, न्यू हॅम्पशरमधील. तो मोठा विद्वान नव्हता. सुतारकामाच्या द्वारें शिक्षण देण्याची जी स्वीडिश पद्धति त्या काळीं अमेरिकेंत रूढ होत होती, ती तो शिकला होता. डिट्रॉइट शहरांत क्रीडांगणांची देखरेख करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, व्यवस्थित आंखलेल्या मैदानापेक्षां उनाड मुलांस मोकळी पडीक जागा अधिक आवडते. पुढें त्याच शहराजवळ बालगुन्हेगारांच्या एका गृहाचा कारभार त्यानें मुलांच्याच हातीं देऊन पाहिला होता. हा अनुभव गांठीस बांधून तो डॉर्सेटला आला.

वसाहतींतील मुलांस ‘नागरिक’ म्हणत. मुलें व मुली निरनिराळ्या घरांतून ‘कुटुंबें’ करून राहत. मुलामुलींस एकत्र ठेवण्याचें धाडस त्या काळच्या सभ्य समाजास धक्का देणारें होतें. शेती, दूधदुभतें, सुतारकाम, बांधकाम, धुणें, स्वयंपाक हीं सर्व कामें नागरिक करीत व त्यांबद्दल मजुरी घेत. मजुरींतून जेवण, राहणें, कपडे यांचा खर्च ज्यानें त्यानें भागवावयाचा. एखादा आळशी निघाला तर त्याला उपाशी ठेवीत नसत. त्याचा भार इतरांवर कराच्या रूपानें पडे. यांतील मर्म शहाण्या गृहस्थाश्रमी माणसास लगेच कळेल. आळशास बोलावयाचें तें अधिकारी बोलत नसे. ज्यांच्या खिशाला चाट बसली ते त्याचे सोबतीच बोलत, आणि त्यांचें बोलणें अधिक लागे.

कायदे नागरिकांच्या सभेनें करावयाचे. खटले नागरिकांच्याच न्यायालयांत चालत, आणि न्यायाधीशहि त्यांनीं निवडलेला, त्यांच्यापैकींच. लेननें प्रारंभीं त्यांच्यापुढें तयार नियमावली ठेविली नाहीं, ही गोष्ट विशेष होय. गोंधळ झाला, भांडीं फुटलीं, झोंप मिळेना. तेव्हां नियम हवेत असें मुलांसच वाटूं लागलें. नियमांची ही भूक लागेपर्यंत वाट पाहण्याइतका धीर त्याच्यापाशीं होता. असा धीर घरांतील एका हट्टी मुलाच्या बाबतींतहि किती आईबापांस साधतो?

लेनच्या मरणोत्तर, १९२८ सालीं, त्याचीं व्याख्यानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत जेबेझ या नांवानें वर्णिलेल्या एका मुलाची हकीकत आहे. जेबेझ हा आडदांड, टोळीचा म्होरक्या. येथील कांहींच त्याला रुचेना. एकदां चहाच्या वेळीं लेननें त्यास विचारलें कीं, तुझ्या हातीं सत्ता आली तर तूं काय करशील? ह्या नाजुक कपबशा फोडून टाकीन, असा जबाब आला. लेननें निखारे ढोसण्याची लोखंडी सळई त्याच्या हातीं दिली. जेबेझनें कपबशा फोडल्या, आणखी पुढें केल्या त्याहि फोडल्या. शेवटीं लेननें आपलें खिशांतील घड्याळ पुढें केलें. तें मात्र त्याच्यानें फोडवेना. तो घुटमळला आणि घड्याळ त्यानें परत ठेवून दिलें. फुटलेल्या भांड्यांचे पैसे भरण्यासाठीं दुसऱ्या दिवसापासून तो सुतारशाळेंत कामाला लागला.

हकीकत सांगणारा लेन स्वतःच होता, आणि तो गोष्ट रंगवून सांगण्यांत पटाईत होता, हें विसरतां कामा नये. तरीहि तींतून त्याचें तत्त्व स्वच्छ दिसतें. मुलाचा दांडगेपणा ही बऱ्या वृत्तीचीच वाट चुकलेली शक्ति आहे असें तो मानी. म्हणून त्या शक्तीस विरोध न करतां मुलाच्या बाजूस जाऊन उभें राहावें, म्हणजे ज्याविरुद्ध बंड करावें असें कोणी उरत नाहीं. वसाहतींत काम केलेल्या ई. टी. बेझली यांनीं लिहिलेला वृत्तांतहि १९२८ मध्येंच निघाला. लेननें सांगितलेलें लोकराज्य हें केवळ त्याच्या कल्पनेंतलें नव्हतें, याची साक्ष त्यांत मिळते.

मग महायुद्ध आलें. याच सुमारास फ्रॉइडचे विचार लेनच्या वाचनांत आले आणि मनोविश्लेषणानें तो भारून गेला. कांहीं नागरिकांवर त्यानें या नव्या विद्येचा प्रयोगहि सुरू केला. त्या विद्येची रीतसर दीक्षा त्यानें घेतलेली नव्हती. विश्लेषण करणाऱ्याविषयीं रुग्णाच्या मनांत कधीं उत्कट प्रेम तर कधीं उत्कट द्वेष उसळतो, हें आज या शास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. दुखावलेल्या वयांत आलेल्या मुलींच्या बाबतींत हा खेळ विस्तवाशीं होता.

१९१७ च्या अखेरीस, वसाहतींतून पळून गेलेल्या मुलींनीं लेनवर गैरवर्तनाचे आरोप केले. लेननें ते नाकारले. गृहखात्यानें कायदेपंडित व पार्लमेंटचे सभासद रॉलिन्सन यांस चौकशीस नेमिलें. चौकशी बंद दाराआड झाली व तिचा अहवाल त्या वेळीं प्रसिद्ध करण्यांत आला नाहीं. लेन चालक राहणार असेल तर वसाहतीची मान्यता काढून घेऊं, असें गृहमंत्री सर जॉर्ज केव्ह यांच्या खात्यानें कळविलें. लेनशिवाय संस्था चालविण्यास चालक समिति राजी नव्हती. १९१८ मध्यें लोकराज्य मोडलें.

लेन निर्दोष होता असें त्याच्या अनुयायांनीं हिरिरीनें म्हटलें आहे. परंतु ज्या मुलींनीं तक्रार केली त्यांचें म्हणणें उघड्यावर कोणी ऐकलेंच नाहीं. आणि लेनलाहि उघड निर्णय मिळाला नाहीं. या प्रकरणांतील खरी विसंगति निराळीच आहे. फुटलेल्या खिडकीपासून चुकविलेल्या करापर्यंत प्रत्येक गोष्ट जेथें सर्वांसमक्ष न्यायालयांत येई, त्या संस्थेंत चालकाच्या खोलींत चाललेला मनाचा उपचार तेवढा कोणाच्याच नजरेखालीं नव्हता. लेननें सत्ता मुलांस दिली ती मनापासून दिली. पण उपचारकाची सत्ता ही चालकाच्या सत्तेहूनहि मोठी असते, आणि ती वांटून घेणारें किंवा तपासणारें तेथें कोणी नव्हतें.

यानंतर लेन लंडनमध्यें मोठमोठ्या लोकांवर मनोविश्लेषणाचे उपचार करूं लागला. त्याच्या भक्तांत लॉर्ड लिटन हे होते. १९२२ पासून १९२७ पर्यंत बंगालचे गव्हर्नर होते तेच हे लिटन. चोरट्या मुलांस स्वराज्य द्यावें या मताचा हा पुरस्कर्ता कलकत्त्यास राज्य करीत असतांना १९२४ च्या वटहुकुमाचा अंमल झाला आणि सुभाषचंद्र बोसांसारख्या तरुणांस खटल्यावांचून तुरुंगांत जावें लागलें. लेनच्या विचारांवर लिटननीं पुढें, १९३४ मध्यें, एक ग्रंथहि लिहिला. डॉर्सेटची शिकवण बंगालला लागू कां पडली नाहीं, हा प्रश्न हिंदी वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९२५ मध्यें परकी नागरिकानें करावयाच्या नोंदणीच्या बाबतींत लेनवर खटला झाला. त्यास इंग्लंड सोडावें लागलें, आणि त्याच वर्षीं पॅरिसला तो वारला.

परंतु बीं रुजलें होतें. सैन्यांत असतांना ए. एस. नील नांवाचा स्कॉटिश शिक्षक लेनची वसाहत पाहून गेला होता. तेथें नोकरीस जाण्याचा त्याचा बेत, ती बंद पडल्यानें फसला. पुढें त्यानें काढलेली समरहिल शाळा १९२७ पासून सफोकमधील लेस्टन येथें असून आजहि चालू आहे. तेथील सभेंत चालकाच्या व लहान मुलाच्या मताची किंमत सारखीच. डेव्हिड विल्स यांनीं १९३६ मध्यें एसेक्स परगण्यांत हॉक्सपर येथें वाट चुकलेल्या तरुणांची छावणी काढली, ती लेनच्याच विचारांच्या आधारें. लेनचें चरित्रहि याच विल्सनीं १९६४ मध्यें लिहिलें.

फ्लॉवर्स फार्म मात्र फार दिवस रिकामें राहिलें नाहीं. १९२१ मध्यें सेंट फ्रान्सिसच्या पंथाचे कांहीं इंग्रज बंधु तेथें राहावयास आले. महायुद्धानंतर बेकार होऊन रस्तोरस्तीं भटकणाऱ्या माणसांस त्यांनीं त्याच घरांतून आसरा देण्यास आरंभ केला, आणि त्यांचा मठ अद्यापि तेथेंच आहे.