आजी बिडीकामगार होती

भंडारा जिल्ह्यात आई-आजीची आठवण निघाली की तिची माया, तिच्या हातची चव आणि तिनं उपसलेले कष्ट यांबद्दल बोललं जातं. हे सगळं खरं आहे, पण पुरेसं नाही. भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या असंख्य घरांत ही बाई एका मोठ्या उद्योगाची कामगार होती. तिच्या मजुरीचा हिशोब आठवणीतून गळला, तर ती स्वतः अर्धीच उरते आणि जिल्ह्याचा इतिहासही अर्धाच राहतो.

उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता तोडून आणायचा, पुडके बांधून वाळवायचा, इथून बिडीच्या धंद्याची सुरुवात. पुढे सट्टेदार, म्हणजे कारखाना आणि वळणारे यांच्यातला मध्यस्थ, पत्ता, तंबाखू आणि दोरा मोजून देई. बाई पानं भिजवून ठेवी, फर्मा लावून कात्रीनं कापी आणि मांडीवर सूप घेऊन वळायला बसे. बिडी फार घट्ट झाली तर ओढली जात नाही, सैल राहिली तर तंबाखू गळतो. बोटांना हा अंदाज यायला वर्षं लागतात. पंचवीस बिड्यांचा कट्टा आणि मजुरी हजारावर. तपासणीत नापास झालेला माल ‘छाट’ म्हणून बाजूला पडे आणि तिची मजुरी तेवढी कमी होई. कार्डावर नाव एकाचं असलं, तरी हात बहुधा सासू, सून आणि लेकी अशा सगळ्यांचे असत.

हे तर घर सांभाळून फावल्या वेळात केलेलं काम, त्याला कामगार कसं म्हणायचं, असा आक्षेप पूर्वापार घेतला गेला. कायद्यालाही हा प्रश्न सहज सुटला नाही. 1958 मध्ये सागरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सट्टेदारांना कारखान्याचे कामगार मानलं नाही, स्वतंत्र कंत्राटदार ठरवलं. मग त्यांच्याही पलीकडे, घरात बसून वळणारी बाई कुठे मोजली जाणार? 1960 मध्ये मात्र नागपूरच्या खटल्यात त्याच न्यायालयानं कारखान्यात बसून वळणाऱ्यांना कामगार मानलं. येण्या-जाण्याची वेळ सैल असली, मजुरी नगावर असली, तरी निकृष्ट बिडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे होता, आणि कामावर ताबा असल्याची खूण म्हणून तो पुरेसा ठरला. हाच न्याय घराला लावला, तर आजीची मजुरी कापणारी छाटच तिच्या कामगार असण्याचा पुरावा ठरते. अखेर 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्यांनाही कामगारांत धरलं, आणि 1976 मध्ये बिडीकामगारांच्या कल्याण निधीचा कायदा आला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बिडी आरोग्याचा घात करते, मग तिच्या कारागिरीचं कौतुक कशाला? पण तंबाखूची धूळ सर्वांत आधी वळणाऱ्या बाईच्याच छातीत जाते. धंद्याचा दोष मान्य करायचा, तर त्याची किंमत कोणी मोजली हेही सांगावंच लागेल. तिला विसरून तो दोष धुतला जात नाही.

अशा हिशोबानं माया आटते, असंही कोणी म्हणेल. भंडारा जिल्ह्यातल्याच पवनीचा इतिहास याच्या उलट सांगतो. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी 1969-70 मध्ये तिथे उत्खनन केलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत आणि त्यांत स्त्रियांचीही आहेत. कोणी काय दिलं, हे नावानिशी नोंदवणं याच मातीतली जुनी रीत आहे. म्हणून गावाच्या स्मरणिकेत आजीबद्दल लिहिताना तिचा स्वभाव जरूर लिहावा. त्याच पानावर ती हजारी काय दर घेत होती, तिची छाट किती निघे, ओळखपत्र तिच्या नावाचं होतं का, हेही लिहावं. ज्यांनी तिला पाहिलं, ते आहेत तोवरच हे विचारून घेता येईल.